दिवा खिशात, ठिपका हिरवा

कुणाल आहेरला देवीदासकाकांचा आवाज आधी भेटला आणि माणूस नंतर. मधे दोनएक मिनिटं गेली. तो आवाज एवढा होता, की दोह्यातल्या द पर्ल बेटाच्या धक्क्यावर निवांत बसलेले सगळे समुद्रपक्षी एकदम उडाले आणि थेट बहारीनला जाऊन उतरले. त्यातले निम्मे अजून परतलेले नाहीत. शेजारच्या पांढऱ्याशुभ्र यॉटवर कॉफी पीत बसलेल्या एका गृहस्थांच्या कपात लाटा उठल्या. पलीकडच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एका बाईंनी धावत जाऊन खिडकी लावली, आणि ती आधीपासून बंदच होती.

"बूट काढ!"

कुणालचा एक पाय धक्क्यावर होता, एक बोटीवर. नोकरीचा पहिला दिवस. पायात नवे बूट, डोक्यावर नवं हेल्मेट, हातात नवा टॅबलेट. अख्खा मुलगाच नुकता खोक्यातून काढल्यासारखा दिसत होता. त्याने चारी बाजूंना पाहिलं. बोटीवर चिटपाखरू नव्हतं.

"देवळात जाताना काढतंस मा? मग हंय काय झाला?"

कुणालने बूट काढले. कतारच्या ऑगस्टमध्ये सकाळी नऊ वाजता बोटीच्या डेकवर अनवाणी उतरणं म्हणजे काय, ते आंबोळीच्या पिठाला विचारावं. नाशिकच्या लग्नांच्या वरातीत आजवर कोणी त्याला नाचायला लावू शकलं नव्हतं. इथे तो आपण होऊन नाचला. त्याचा नाच चालू असताना इंजिनाच्या झाकणातून आधी एक पाना वर आला, मग तुळतुळीत टक्कल, मग पांढऱ्या मिशा, आणि शेवटी एक माणूस आला. तो विमानात केबिन बॅगेच्या जागी सहज मावला असता. एवढ्याशा देहात एवढा आवाज रात्री ठेवत कुठे असतील, हा प्रश्न कुणालला पुढे कित्येक दिवस पडायचा.

"खयचो रे तू?"

"नाशिक, काका."

"नाशकाक समुद्र आसा?"

"नाही."

"मग हंय कित्याक इलंस?"

"बोटींचे दिवे एलईडी करायचेत. मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर."

देवीदासकाकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात बाई डोळे पांढरे झालेल्या बांगड्याकडे बघते. मग ते पुन्हा झाकणात उतरले.

देवीदास कुबल मूळचे देवगडचे. वय एकोणसाठ. त्यातली बावीस वर्षं दोह्यात, बोटींच्या वायरी ओढण्यात गेलेली. ते सतत रागावलेले असत. आपण डोकं दुखल्यावर रागावतो, तसं नव्हे. बाकीचे लोक श्वास घेतात, तसे ते रागवत. हवेवर राग, हवेतल्या धुळीवर राग, कॅन्टीनच्या डाळीवर राग. इथल्या हमूर माशावर तर वैयक्तिक राग, कारण लोक त्याला चांगला मासा म्हणतात. रोज संध्याकाळी ते देवगडला शैलजाकाकूंना फोन करत, आणि एवढ्या आवाजात बोलत की क्वार्टर्समधले लोक म्हणत, काका फोनचे पैसे उगाच घालवतात. कामाच्या ठिकाणी सगळे हिंदी-इंग्रजीत बोलत, पण काका रागावत ते मालवणीतच. मॅनेजरवरही आणि पंपावरही. कोणाला शब्द कळत नसत आणि कोणाचा गैरसमजही होत नसे.

कंपनीकडे चार प्रवासी बोटी होत्या. संध्याकाळी लोकांना द पर्लच्या भोवती फिरवून आणायच्या. प्रत्येक बोटीला चार दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर एक पांढरा. अंधारात समोरच्या बोटीला एवढ्यावरूनच कळतं की ही कुठून येतेय आणि कुठे चाललीय. जुने बल्ब पंचवीस वॉटचे. त्यांच्या जागी दोन-तीन वॉटचे एलईडी येणार होते. कुणालने पहिल्याच आठवड्यात एक तक्ता केला. त्यात वाचणारी वीज हिरव्या रकान्यात होती. रकाना एवढा देखणा झाला, की मॅनेजर जियादने त्याचा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला. त्या फोटोच्या आनंदात कुणाल दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालला. डेकवर हे सोयीचंही होतं.

पहिल्या बोटीचे दिवे काकांनी दोन सकाळींत बदलले. काम करताना ते एक गोष्ट करत. प्रत्येक दिव्यापाशी गेले की उलट्या हाताने त्याच्या बाहेरच्या कवचाला स्पर्श करत, जसं आई तापलेल्या पोराच्या कपाळाला करते. कुणालने विचारलं, हे कशाला?

"पेटलो आसा काय ता बघतंय."

"पण काका, डोळ्यांनी दिसतंच की."

"तू आत उभो रवलंस तर मागचो दिवो दिसता? डोलकाठीवरचो दिसता? ह्या उन्हात तर नाकासमोरचोव दिसना नाय. बोट सोडूच्या आधी मी फिरतंय आणि हात लावतंय. गरम म्हणजे जितो." मग त्यांनी नव्या एलईडीच्या कवचाला हात लावला आणि चेहरा आंबट केला. "आणि हो थंड. जितो काय मेलो, कळना नाय. उजेड चांगलो आसा. उजेडाबद्दल माझी तक्रार नाय. पण हाताक उत्तर देणा नाय."

देवीदासकाकांनी एखाद्या वस्तूला चांगलं म्हणण्याचा तो बावीस वर्षांतला बहुधा पहिलाच प्रसंग. ज्याच्यासमोर घडला, त्या कुणालला त्याचं काही वाटलं नाही.

मग स्विच दाबला, आणि भोंगा वाजला.

चालकाच्या समोर एक जुना डबा होता, त्याला सगळे पॅनेल म्हणत. त्यावर प्रत्येक दिव्यासाठी एक ठिपका. दिव्यात वीज नीट जात असेल तर ठिपका हिरवा. दिवा गेला, वीज जायची थांबली, की ठिपका लाल होणार आणि भोंगा बोंबलणार. हे पॅनेल जुन्या बल्बांच्या काळातलं. त्याला सवय होती भरपूर वीज पिणाऱ्या दिव्यांची. एलईडी पिणार चमचाभर. पॅनेलला वाटलं, चौघेही गेले. चारी ठिपके लाल, आणि भोंगा असा सुरू झाला, जसा लग्नघरात रुसलेल्या व्याह्याचा तक्रारीचा सूर: एकदा लागला की थांबायचं नाव नाही. बोटीचे चालक रामेश्वरजी बिहारमधल्या छपऱ्याचे, मोठे शांत गृहस्थ. त्यांनी कानात कापूस घातला, त्यावर गमछा बांधला आणि म्हणाले, "बेटा, या तो ये रहेगा, या मैं."

उपाय सरळ होता. एलईडीला ओळखणारी नवी पॅनेल्स मागवायची. पण ती यायला सात आठवडे लागणार होते, आणि येत्या गुरुवारी एका ऑफिसच्या चाळीस माणसांनी पहिली बोट ठरवली होती. बाकीच्या तिन्ही त्या संध्याकाळी आधीच भरलेल्या होत्या, आणि पहिलीचे जुने बल्ब भंगारात गेले होते.

कुणाल त्या संध्याकाळी अल थुमामा भागातल्या आपल्या फ्लॅटवर लॅपटॉप उघडून बसला. त्याच्याबरोबर पुण्याचे दोन आयटीवाले राहत. त्यांनी पिठलं केलं, खाल्लं आणि भांडीसुद्धा घासली, तरी हा उठेना. शेवटी त्याला इंटरनेटवर एक युक्ती सापडली. पॅनेलच्या मागे प्रत्येक दिव्याच्या वायरीवर एक रेझिस्टर लावायचा. बोटभर लांबीची, पांढरी, खडूसारखी वस्तू. ती जुन्या बल्बाइतकीच वीज खाते. पॅनेलला वाटतं, बल्बच आहे. ठिपके हिरवे, भोंगा गप्प. बाजारात आठ रियालला एक. कुणाल खुर्चीतून उठून फ्लॅटवासीयांना म्हणाला, "यल्ला! झालं!" आणि उरलेलं गार पिठलं मोठ्या चवीने खाल्लं. आपल्या लोकांना जुगाड सुचला की जी धन्यता वाटते, ती पुत्रजन्माच्या खालोखाल असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना यायला उशीर होता. ते दुसऱ्या बोटीवर पंप बघत होते. कुणालने स्वतःच्या हाताने चार रेझिस्टर बसवले. चारी ठिपके हिरवे. रामेश्वरजींनी गमछा सोडला. जियाद आला, अत्तराचा घमघमाट सोबत घेऊन, आणि कुणालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हबीबी! खलास! यू आर अ जीनियस!" कुणालने 'काम पूर्ण' फॉर्म काढला आणि कोऑर्डिनेटरच्या रकान्यात झोकात सही केली. शेजारचा रकाना तंत्रज्ञाचा. तिथे सही झाल्याशिवाय विम्याचे कागद पुढे जात नसत, आणि त्या कागदांशिवाय रामेश्वरजी बोट सोडत नसत.

काका आले. हिरवे ठिपके पाहिले. काही बोलले नाहीत. कुणालला वाटलं, माणूस खूश झाला की गप्पही होतो वाटतं. मग काकांनी पॅनेलच्या मागे हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. रेझिस्टर भाजत होते.

"ह्या काय?"

कुणालने उत्साहाने समजावून सांगितलं. पाच मिनिटं सांगितलं. काका ऐकत होते, आणि त्यांच्या टकलावरचा रंग हळूहळू डाव्या दिव्यासारखा होत होता. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मागच्या दिव्यापाशी गेले, काच उघडली, आतला एलईडी बल्ब काढला आणि येऊन कुणालच्या हातावर ठेवला.

"दिवो खंय आसा?"

"माझ्या हातात."

"खिशात घाल."

कुणालने घातला.

"आता खंय आसा?"

"खिशात."

"मागे उजेड आसा?"

"नाही."

"आता पॅनेल बघ. मागच्या दिव्याचो ठिपको बघ, रे मेल्या! काय सांगता पॅनेल?"

ठिपका हिरवा होता. छान, टवटवीत, कोवळ्या मिरचीसारखा हिरवा. भोंगा गप्प होता. दिवा कुणालच्या पँटच्या उजव्या खिशात होता आणि पॅनेल छातीवर हात ठेवून सांगत होतं, मागे सगळं ठीक आहे.

कुणालचे कान गरम झाले. तो काही बोलणार, एवढ्यात दहा वाजले. उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम बंद, म्हणून सगळे यार्डातल्या कंटेनरच्या ऑफिसात आले. एसी घरघरत होता. काका खुर्चीवर बसले नाहीत. येरझाऱ्या घालायला कंटेनरात चार पावलांची जागा होती. ते चार पावलांत मुरुडहून रत्नागिरीला जाऊन येत होते.

"पयल्यांदा दोन साक्षीदार होते. एक हात, एक पॅनेल. दिवो थंड झालो, हाताची साक्ष गेली. बरा. पॅनेल होता. पॅनेल खरा बोलत होता! भोंगो वाजवन सांगत होता, बाबांनू, माका दिवे ओळखाक येणत नाय! ता मान्य करण्याइतका तरी प्रामाणिक होता. आणि तू काय केलंस? उरलेलो एकुलतो एक साक्षीदार फोडलंस! बत्तीस रियालात!"

"काका, पण दिवे तर पेटतायत ना आत्ता..."

"आता! आणि दोन महिन्यांनी? खारो वारो आसा, वायर सडता, लाट लागता. दिवो मरतलो. आणि रामेश्वर पॅनेल बघतलो, हिरवा दिसतला, आणि चाळीस माणसा घेवन निघतलो. मागून येणाऱ्याक काय दिसतला? काळोख!"

काका थांबले. आवाज इतका खाली आणून ते कधी बोललेले कुणालने ऐकलेच नव्हते. एसीच्या वरही तो जेमतेम येत होता.

"एकवीस वर्षांचो होतंय मी. देवगडच्या एका ट्रॉलरवर. मी आणि मधु, आमी दोघे मागे जेवत होतो. तांडेलान पुढून विचारल्यान, मागचो दिवो आसा काय रे? मान वर करून बघूचा, एवढाच काम. माझो हात भातात. मी बघूकच नाय. म्हटलंय, आसा." त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "नव्हतो. मागसून दुसरी बोट इली ती सरळ आमच्यार. मधुचो पाय गुडघ्याखाली गेलो. त्या दिवशी ता पॅनेल मी होतंय. समाजला? हिरवो ठिपको मी होतंय."

एवढं बोलून त्यांना आपण हळू बोलल्याचं लक्षात आलं असावं, कारण ते लगेच एसीवर ओरडले.

कुणाल खुर्चीत बसून होता. खिशातला बल्ब मांडीला टोचत होता. त्याला आधी लाज वाटली. मग त्याच्या डोक्यात आपोआप आकडेमोड सुरू झाली, इंजिनिअरला दुःखातही ती आवरत नाही, आणि त्याला दिसलं की दिव्यांनी वाचवलेली सगळी वीज हे चार खडू बसल्या जागी खात होते. म्हणजे साहेबांना फोटो पाठवलेला तो देखणा हिरवा रकानाही खोटाच. आणि मग त्याला राग आला. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात त्याला असा राग आला नव्हता. तो अशा घरात वाढला होता, जिथे राग आला तर वडील बागेला पाणी घालत. हा राग कुठे ठेवायचा, तेच त्याला कळेना.

तेवढ्यात जियाद फॉर्म घेऊन आत आला.

"मिस्टर दास, सही. गुरुवार परवा आहे."

"मी करूचंय नाय," काका म्हणाले.

जियादला मालवणी येत नव्हती, पण काकांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्याच्याआधीच्या तीन मॅनेजरांनाही पाठ झालं होतं. तो हसला. हिंदीत म्हणाला, "बाबा, बोट चालू, लाइट चालू, पॅनेल ग्रीन. क्या मुश्किल?" काकांनी हिंदीत सांगितलं. मग इंग्रजीत सांगितलं. मग ते मालवणीवर आले, आणि कंटेनरचा पत्रा थरथरला. जियाद दोन्ही हात वर करून म्हणाला, "ओके, ओके, इन्शाल्ला नवीन पॅनेल नंतर बघू." आणि काकांकडे पाठ करून कुणालकडे वळला. आवाज मऊ केला.

"हबीबी, तू इंजिनिअर आहेस. तंत्रज्ञाच्या रकान्यात तूच कर सही. तुझी डिग्री मोठी. डिसेंबरात तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्याच टेबलावर येणार आहे, ना?"

हे त्याने धमकी म्हणून म्हटलं नाही. बडीशेप पुढे करावी तसं म्हटलं.

कुणाल उठला. इंग्रजीत काहीतरी सभ्य बोलायचं त्याने मनात जुळवलं होतं. तोंड उघडलं, आणि इंग्रजी पळून गेलं. हिंदीही गेली.

"अहो, दिवा माझ्या खिशात आहे!" तो ओरडला.

जियाद दचकला. काकाही दचकले. दाराशी चहाचा कप घेऊन उभे असलेले रामेश्वरजी कपासकट बाहेर गेले.

"दिवा! माझ्या! खिशात!" कुणालने बल्ब काढला आणि टेबलावर आपटला. "हा बघा! आणि तिकडे जाऊन बघा, तुमचं पॅनेल काय म्हणतंय! हिरवं! हिरवं म्हणतंय! चाळीस माणसं बसवणार तुम्ही त्या बोटीत, आणि हा इथे, माझ्या पँटीत!"

त्याने फॉर्म ओढला आणि सकाळी झोकात केलेली स्वतःची सही खोडली. एकदा खोडली, समाधान झालं नाही, पुन्हा खोडली. फॉर्म तीन प्रतींचा होता. पेन तिन्ही प्रती फाडून टेबलाच्या सनमायकात घुसलं.

जियादला मराठीचा एक शब्द कळला नाही. त्याने टेबलावरच्या बल्बाकडे पाहिलं, फाटलेल्या फॉर्मकडे पाहिलं, आणि एकदम थकल्यासारखा खुर्चीत बसला. "क्या बोलता है?" त्याने काकांना विचारलं.

"सच बोलता है," काका म्हणाले. मग कुणालकडे वळून त्याच पट्टीत ओरडले, "आणि पँटीत काय, खिशात म्हण! बायामाणसा असतत आजूबाजूक!"

साडेतीनला ऊन उतरल्यावर दोघांनी मिळून चारी रेझिस्टर काढले. भोंगा पुन्हा वाजू लागला. रामेश्वरजींनी पुन्हा गमछा बांधला आणि कधी नव्हे ते काकांना स्वतःहून चहा आणून दिला. गुरुवारच्या चाळीस माणसांना जियादने हॉटेलात जेवण दिलं, बोट नाही. पुढचे दोन आठवडे तो कोणाशी नीट बोलला नाही, आणि काकांना त्याचा फारसा फरक पडला नाही, कारण त्यांच्याशी असंही कोणी नीट बोलत नसे. मात्र कुणालशी ते बोलू लागले. म्हणजे ओरडू लागले, पण वेगळ्या तऱ्हेने. वायर कशी सोलायची, जोडाला मेण का लावायचं, नाशिकच्या माणसाने भरती कशी ओळखायची. डब्यातल्या सोलकढीचा अर्धा पेला त्याच्यासमोर आदळून म्हणत, "पी. आणि माका थँक्यू म्हणू नको, डोक्यात जाता."

पंधराव्या दिवशी जियादने नवीन चार पॅनेल्सची ऑर्डर दिली. ती सात नव्हे, नऊ आठवड्यांनी आली आणि काकांनी सहा दिवसांत बसवली. काकांनी प्रत्येक दिवा काढून, भोंगा वाजल्याची खात्री करून, पुन्हा बसवून, मग फॉर्मवर सही केली.

डिसेंबरात कुणालचं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाने वाढलं. देवीदास कुबलांचं वाढलं नाही. कारणाच्या रकान्यात 'वय' असं लिहिलं होतं.